सटायव्हम, सटायव्हा, सटायव्हस: एकच शब्द, तीन रूपं?

कोथिंबिरीच्या बियाण्याच्या पाकिटावर बारीक अक्षरात कोरिअँड्रम सटायव्हम हे शास्त्रीय नाव छापलेलं होतं, लसणाचंही अ‍ॅलियम सटायव्हम, मग तांदळाचं ओरायझा सटायव्हा आणि काकडीचं कुकुमिस सटायव्हस असं का, प्रिंटिंगची चूक आहे का, असं भाचीने विचारलं म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

चूक नाहीये. हे लॅटिन विशेषण आहे आणि लॅटिनला मराठीसारखीच तीन लिंगं आहेत. सटायव्हस, सटायव्हा, सटायव्हम म्हणजे आपलं पेरलेला, पेरलेली, पेरलेलं. हिंदीवाल्यांना नपुंसकलिंग समजवावं लागतं, आपल्याला ते अंगवळणीच पडलेलं असतं. फक्त लिंग लॅटिन नामाचं धरायचं, मराठी नावाचं नाही. आपली काकडी ती, पण कुकुमिस तो. तांदूळ तो, पण ओरायझा ती. आणि शेवट बघून ओळखू म्हणाल तर फसाल, कुकुमिस आणि कॅनाबिस (भांग) दोघांचा शेवट सारखाच, तरी एक सटायव्हस आणि दुसरी सटायव्हा. आपल्याकडे दर तो आणि घर ते, तसंच.

मूळ धातू सेरेरे, म्हणजे पेरणे. त्यावरून सतुस म्हणजे पेरलेला, पुढे ईवुस प्रत्यय लागून सतीवुस. जुना रोमन उच्चार असा, सटायव्हा हे इंग्रजी वळण. बी या अर्थाचा सेमेन हा शब्दही याच धातूचा. 'पुरेसं' या अर्थाच्या सातिसशी मात्र याचा काही संबंध नाही.

पण नुसतं 'पेरलेलं' म्हटलं की गाडी अडते. लसूण कोण पेरतं? पाकळ्या सुट्या करून, टोक वर ठेवून बोटाने मातीत दाबतात. आणि केशर, म्हणजे क्रोकस सटायव्हस, त्याला तर बीच धरत नाही, दरवेळी कंद लावावे लागतात, माणसाने लावलं नाही तर ते संपलंच. तरी वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनीअसने १७५३ साली दोघांनाही हेच विशेषण दिलं, कारण लॅटिनमध्ये हा शब्द आधीपासूनच सिल्वेस्ट्रिसच्या, म्हणजे रानटीच्या, उलट अर्थाने रुळला होता.

म्हणून मला 'पेरलेलं' हे भाषांतर खटकतं. 'लागवडीचं' चालेल, पण त्याहून 'लावलेलं' बरं वाटतं, कारण बी, रोप, पाकळी, कंद, सगळं आपण लावतोच की.