बारावीला गणित नव्हतं, आता मॉडेलिंगमधून बायोलॉजी शिकायचीय, सुरुवात कुठून करू?

पेट्रीडिश_सांगली

नमस्कार मंडळी. मी बीएस्सी मायक्रोच्या दुसऱ्या वर्षाला आहे, बारावीला पीसीबी होतं त्यामुळे गणित दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. परवा सेमिनारसाठी अँटिबायोटिक रेझिस्टन्सवरचा एक पेपर घेतला, पहिली दोन पानं मस्त कळली आणि तिसऱ्या पानापासून डिफरन्शियल इक्वेशन्स सुरू. खरी गंमत तिथेच आहे हे दिसत होतं, म्हणजे डोस किती आणि किती तासांनी दिला तर रेझिस्टंट बॅक्टेरिया डोकं वर काढतात वगैरे, पण त्या इक्वेशनमधून ते निघतं कसं ते काही केल्या कळेना. सिनियर म्हणतात बायोवाल्यांनी या नादी लागू नये, सॉफ्टवेअर करतं सगळं. मला ते पटत नाही, सॉफ्टवेअरने दिलेला आकडा बरोबर की चूक हे मला कशावरून कळणार?

तर प्रश्न असा की आधी अकरावी-बारावीचं सगळं गणित करावं लागेल का, की नेमकं काही केलं तरी चालेल? पुढे एमएस्सीनंतर औषधं किंवा साथीचे आजार यावर काम करायची इच्छा आहे. इंग्लिश मटेरियल चालेल पण समजावून मराठीत सांगा प्लीज.

लॉगफेज

तू म्हटलं तर चालेल ना, मी पुण्यात मायक्रोमध्येच पीएचडी करतोय. पहिली गोष्ट, तू गणित ऑलरेडी करतेयस. ग्रोथ कर्व्हचं प्रॅक्टिकल झालं असेल ना, दर वीस-तीस मिनिटांनी कुव्हेट लावून ६०० नॅनोमीटरला ओडी (कल्चर किती गढूळ झालं त्याचं माप) घ्यायची आणि सेमीलॉग पेपरवर टाकायची. त्यातला सरळ रेषेचा तुकडा हीच तुझी पहिली डिफरन्शियल इक्वेशन. ती एवढंच म्हणते की वाढीचा वेग आत्ता किती बॅक्टेरिया आहेत त्याच्या प्रमाणात. समज ओडी ०.१ ची ०.४ व्हायला एक तास लागला, म्हणजे दोनदा दुप्पट, म्हणजे डबलिंग टाइम ३० मिनिटं. आता हेच लॉगने कर, ४ चा नॅचरल लॉग १.३८६, म्हणजे ग्रोथ रेट ताशी १.३८६, आणि ०.६९३ भागिले १.३८६ केलं की अर्धा तास. दोन्हीकडून उत्तर एकच आलं की लॉगची भीती निम्मी जाते.

आणि मॅडम सांगतात ना की ओडी ०.४-०.५ च्या पुढे गेली की सॅम्पल डायल्यूट करून घ्या, ते का? कारण दाट कल्चरमध्ये ओडी आणि सेल्सची संख्या सरळ प्रमाणात राहत नाही. म्हणजे मॉडेलमधलं एक गृहीतक तिथे मोडतं. मॉडेलिंगमधलं निम्मं शहाणपण हेच, कुठलं गृहीतक कुठे मोडतं ते माहीत असणं, आणि ते लॅबमध्ये हात घातलेल्या माणसाला लवकर कळतं, नुसत्या गणितवाल्याला उशिरा.

दुसरं म्हणजे कोविडमध्ये घरोघरी सीटी व्हॅल्यू बोलत होते ते आठव, म्हणजे आरटीपीसीआरमध्ये व्हायरस दिसायला किती सायकल लागल्या तो आकडा. प्रत्येक सायकलला डीएनए दुप्पट धरला तर सीटी २५ आणि सीटी ३५ यांच्यात २ चा दहावा घात, म्हणजे १०२४ पट फरक. पण एफिशियन्सी ९० टक्के असेल तर १.९ चा दहावा घात, साधारण ६१३ पट. एवढ्याशा गृहीतकाने उत्तर साधारण ४० टक्क्यांनी कमी होतं. मशीन यातलं काही बोलत नाही, आकडा देऊन मोकळं होतं, तेव्हा सिनियरचं ऐकू नकोस.

गणितमास्तर_नगर

मी निवृत्त शिक्षक, बायोलॉजी माझा विषय नाही, पण साथीचे आजार म्हणालात म्हणून लिहितो. साथींच्या गणिताचा जो पेपर आजही पहिला शिकवतात तो १९२७ सालचा, केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांचा, आणि त्यात उदाहरणादाखल घेतलेला डेटा आपल्या मुंबईच्या प्लेगचा आहे. मॅकेन्ड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले. केरमॅक बायोकेमिस्ट, १९२४ साली प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली, त्यानंतरचं हे काम आहे.

त्यांनी लोकांचे तीन गट केले, ज्यांना लागण होऊ शकते ते, ज्यांना झालीय ते, आणि जे बरे झाले किंवा गेले ते. पहिल्यातून दुसऱ्यात जाण्याचा वेग दोन्ही गटांच्या गुणाकारावर, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाण्याचा वेग फक्त आजारी किती त्यावर. संपलं मॉडेल. त्यातून १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातल्या मुंबईतल्या आठवड्याच्या मृत्यूंना त्यांनी एक सूत्र बसवलं. ते असं की आठवड्यांची संख्या ०.२ ने गुणा, ३.४ वजा करा, त्याच्या हायपरबोलिक सीकंटचा वर्ग घ्या आणि ८९० ने गुणा. सूत्राच्या नावाला घाबरू नका, ०.२ गुणिले १७ बरोबर ३.४, म्हणजे सतराव्या आठवड्यात कंस शून्य होतो, आणि हे फंक्शन शून्यालाच सर्वात मोठं असतं म्हणून तिथे शिखर येतं. डिसेंबरच्या १७ तारखेपासून सतरा आठवडे मोजले की एप्रिल १९०६ चा मध्य येतो, आणि त्या आठवड्यात सुमारे ८९० मृत्यू. दोन आकड्यांत एका शहराचं एवढं मोठं दुःख मावलंय, मला हे वर्गात सांगताना दरवेळी थांबावं लागायचं.

पण पुढचंही सांगतो. प्लेग उंदीर आणि पिसवांमधून येतो आणि हे मॉडेल फक्त माणसांचं. पिसवांचं कमी-जास्त होणं हवामानावर असतं, त्यामुळे साथ उतरली ती लागण होऊ शकणारी माणसं संपत आल्याने की उन्हाळ्याने, हे त्या वक्ररेषेवरून ठरत नाही, आणि नंतरच्या अभ्यासकांनी नेमका हाच आक्षेप घेतला. वक्ररेषा चांगली बसली म्हणजे कारण सापडलं असं नव्हे, हे मुलांना पहिल्या दिवशी शिकवावं असं माझं ठाम मत आहे.

त्या मॉडेलची एक गोष्ट मात्र पक्की टिकली. एक रोगी सरासरी किती जणांना देतो तो आकडा घ्या, १ ला त्याने भागा, आणि ते १ मधून वजा करा, तेवढ्या लोकांना प्रतिकारशक्ती असली की साथ पसरत नाही. गोवरात तो आकडा १२ ते १८ सांगतात, म्हणून ९२ ते ९४ टक्के. लसीकरणाचे टक्के एवढे वर का लागतात ते भागाकाराने कळतं.

औषधवैद्य

फार्माकॉलॉजी शिकवते. मास्तरांचं आवडलं. ताई, तुम्हाला एक असं उदाहरण देते ज्यात गणिताशिवाय जीवशास्त्र कळलंच नसतं.

एचआयव्ही. लागण झाल्यावर उपचाराशिवायही बरीच वर्षं, साधारण दहा, रुग्ण ठीकठाक असतो आणि रक्तातला व्हायरस एका पातळीला टिकून राहतो. त्यामुळे बऱ्याच जणांना वाटायचं की व्हायरस या काळात जवळजवळ झोपलेला असतो. १९९५-९६ मध्ये एड्सचे संशोधक डेव्हिड हो आणि अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेचे गणिती अॅलन पेरेलसन यांनी रुग्णांना व्हायरसची वाढ रोखणारं औषध दिलं आणि रक्त वरचेवर तपासलं. समीकरण एका ओळीचं, व्हायरस बदलण्याचा वेग म्हणजे तयार होणारा वजा नष्ट होणारा. टाकीत पाण्याची पातळी स्थिर दिसते तेव्हा नळ बंद असू शकतो किंवा वरून जोरात येतंय तेवढंच खालून जोरात जातंय असंही असू शकतं, नुसतं बघून कळणार नाही. वरचा नळ बंद करा आणि पातळी किती वेगाने उतरते ते मोजा, मग कळतं. औषधाने तेच केलं. उतार इतका तीव्र निघाला की रक्तातल्या व्हायरसचा हाफ-लाइफ (निम्मा व्हायला लागणारा वेळ) सुमारे ६ तास, लागण झालेल्या पेशींचा सुमारे १.६ दिवस, आणि रोज साधारण १००० कोटी नवे व्हायरस.

आता याचा उपचाराशी संबंध बघा. एचआयव्हीचा जीनोम १०,००० च्या आसपास बेसेसचा, आणि कॉपी करताना चुका भरपूर. रोज एवढ्या कॉप्या होत असतील तर एका औषधाला चकवणारं म्युटेशन रोज कुठेतरी होतंच. तीन औषधांना एकाच वेळी चकवायला तीन बदल एकाच व्हायरसमध्ये लागतात आणि ते फार दुर्मिळ. तीन औषधं एकत्र देण्यामागे हा हिशोब आहे. तुमच्या रेझिस्टन्सच्या पेपरची इक्वेशन्सही याच जातीची असणार, प्रत्येक ओळीत काय येतंय आणि काय जातंय एवढंच पेन्सिलीने लिहा, बाकी नंतर.

कोकणकाठ_गोवा

थोडं अवांतर. धर्मानंदांचे चिरंजीव दा. ध. कोसंबी, आपल्याला इतिहासकार म्हणून माहीत, पण जेनेटिक्सच्या पुस्तकात ‘कोसंबी मॅपिंग फंक्शन’ येतं ते त्यांचंच, १९४४ चं, फर्ग्युसनला गणित शिकवत होते तेव्हाचं. दोन जीन्समध्ये रिकॉम्बिनेशन (अदलाबदल) २० टक्के दिसलं तर हाल्डेनच्या आधीच्या सूत्राने त्यांच्यातलं अंतर २५.५ सेंटीमॉर्गन (जीन्समधल्या अंतराचं एकक) आणि कोसंबींच्या सूत्राने २१.२, कारण एका क्रॉसओव्हरमुळे (क्रोमोसोमच्या तुकड्यांच्या अदलाबदलीमुळे) शेजारी दुसरा व्हायची शक्यता कमी होते हे कोसंबींनी धरलं. जन्म गोव्यातला म्हणून अभिमानाने सांगतो, आणि लिंकेज शिकताना दोन्ही सूत्रं हाताने करून बघा म्हणूनही.

एक्सेलवाला

प्रॅक्टिकल सांगतो. पायथन नंतर शिका, आधी एक्सेल. पहिल्या खान्यात ५०० लिहा, ५०० मिलिग्रॅम औषध शरीरात. दर तासाला २० टक्के बाहेर जातं, म्हणून पुढचा खाना म्हणजे आधीचा गुणिले ०.८. खाली ओढत जा, ४००, ३२०, २५६. आता दर सहा तासांनी आणखी ५०० मिळवा. डोस दिल्या दिल्या आकडे ५००, ६३१, ६६५, ६७४ असे चढतात आणि ६७८ ला जाऊन थांबतात, पुढच्या डोसच्या आधी १७८. डोस दुप्पट केला तर आकडे दुप्पट होतात पण स्थिरावायला वेळ तेवढाच लागतो. हे मी सांगण्यापेक्षा स्वतः करून बघा, डोक्यात कायमचं बसतं.

औषधवैद्य

@एक्सेलवाला, एक भर घालते. ‘डोस दुप्पट तर पातळी दुप्पट’ हे सगळ्या औषधांना लागू नाही. फिटवरचं फेनिटॉइन घ्या, ते फोडणारी एन्झाइम्स नेहमीच्या डोसलाच भरत येतात, मग डोस थोडा वाढवला तरी रक्तातली पातळी भलतीच वर जाते. तिथे २० टक्क्यांच्या जागी एन्झाइमच्या वेगाचं मिकेलिस-मेंटेनचं सूत्र टाकावं लागतं, तेच ते १९१३ चं, जे तुम्ही बायोकेमिस्ट्रीत पाठ केलंय.

पेट्रीडिश_सांगली

बापरे, सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी वर्गातही सांगितलं नव्हतं. एक्सेल करून पाहिलं, ६७८ आलं!! पण एक अडकलंय. तासाला २० टक्क्यांऐवजी मी अर्ध्या तासाला १० टक्के केलं, मला वाटलं तेच येईल, पण तासाने ४०० च्या जागी ४०५ आलं. पंधरा मिनिटांना ५ टक्के केलं तर ४०७. मग खरं कुठलं?

गणितमास्तर_नगर

शाब्बास, फार चांगला प्रश्न विचारलात. अजून बारीक करा, तीन मिनिटांना १ टक्का, ४०८.९५ येईल. आणखी बारीक करत गेलात तरी ४०९.४ च्या वर जाणार नाही. तो शेवटचा आकडा म्हणजे ५०० गुणिले ई चा (नॅचरल लॉगचा पाया, साधारण २.७१८) उणे ०.२ वा घात. पायरी शून्याकडे नेत गेल्यावर जो बदलाचा वेग मिळतो त्यालाच डेरिव्हेटिव्ह म्हणतात, आणि तुमच्या पेपरातली समीकरणं याच अर्थाने लिहिलेली असतात. ‘तासाभरात २० टक्के जातं’ आणि ‘ताशी ०.२ या वेगाने जात राहतं’ ही दोन वेगळी विधानं आहेत, पहिल्यात हाफ-लाइफ ३.१ तास, दुसऱ्यात ३.५.

आता बालभारतीचं अकरावीचं गणित काढा, साइटवर पीडीएफ फुकट आहे, आणि लॉगरिदम, फंक्शन, लिमिट, डेरिव्हेटिव्ह एवढीच प्रकरणं करा, नंतर प्रॉबॅबिलिटी. इंटिग्रेशनच्या युक्त्या आणि कॉनिक्स सध्या राहू द्या. अडलं तर इथेच विचारा, मी रोज संध्याकाळी येतो.

लॉगफेज

मास्तरांशी सहमत, फक्त प्रॉबॅबिलिटी फार लांबवू नकोस, रेझिस्टन्समध्ये ती लगेच लागते. आणि तुझे ग्रोथ कर्व्हचे आकडे वेळेसकट इथे टाक, लॅग फेज (वाढ सुरू होण्याआधीचा संथ काळ) सोडून कुठले पॉइंट घ्यायचे ते मिळून बघू.