मूडची वाट बघण्याबद्दल
'मूड आल्याशिवाय कामाला हात लागत नाही' असं तुम्ही म्हणता, पण माझ्या मते क्रम उलटा आहे. हात लागला की मूड येतो. नुसतं विचारांचं गुऱ्हाळ चालू असलं की काम मनात मोठं होत जातं. फॉर्म भरायचाय? आज फक्त उघडा, नाव आणि जन्मतारीख लिहा. पुढचे रकाने बरेचदा त्याच ओघात भरून होतात.

आणि 'उद्या बघू' असं मोघम ठेवू नका. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात मांडलेली 'जर-तर' पद्धत खरंच उपयोगी आहे: आंघोळ झाली की लगेच तो राहिलेला फोन लावायचा. वेळ आधीच ठरल्यामुळे त्या क्षणी पुन्हा घोळ घालत बसावं लागत नाही. (नोकरी सोडण्यासारखे निर्णय यात धरू नका, तिथे विचार हवाच.)