बाबांची पापणी खाली आलीय, ऑपरेशन करावं का?

केळफूल
बाबा ७१ वर्षांचे, सांगलीला असतात. तीन वर्षांमागे उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यानंतर हळूहळू त्याच डोळ्याची वरची पापणी उतरत गेली, आता अर्धी बाहुली झाकते. पेपर वाचताना हनुवटी वर, भुवया ताणलेल्या, मग कपाळ दुखतं म्हणून बाम चोळत बसतात. आई म्हणते वयाचं आहे, आता काय काजळ घालायचंय का. ऑपरेशनने खरंच फरक पडतो का? पूर्ण भूल देतात का? रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे.

आंबाडी
आधी सांगा, संध्याकाळी जास्त पडते का आणि एकाचे दोन दिसतात का? तसं असेल तर मायस्थेनिया ग्रॅव्हिस (स्नायू लवकर थकतात तो आजार) नाही ना ते बघा, त्यावर आधी गोळ्या असतात, चाकू नाही. माझ्या मामांचं त्यावरूनच सापडलं, डॉक्टरांनी दोन मिनिटं पापणीवर बर्फ ठेवला आणि पापणी वर! मग रक्ताची टेस्ट. आणि कुणाची एकाएकी पडली, सोबत डोकं जोरात दुखतंय किंवा बाहुली मोठी झालीय, तर इथे विचारत बसू नये, सरळ इमर्जन्सी गाठायची.

केळफूल
नाही हो, सकाळ-संध्याकाळ सारखंच. दोन दोन पण दिसत नाही.

सोलापुरी चादर
माझ्या आईचं सेम, गेल्या वर्षी केलं. पापणी उचलणाऱ्या स्नायूचा पुढचा पडदा सैल होतो, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर होतं काहींना, तो पुढे ओढून परत टाके घालतात. भूल फक्त पापणीपुरती, पेशंट जागा, कारण मध्येच उठवून बसवतात, समोर बघा म्हणतात, दोन्ही डोळे सारखे वाटले की मग गाठ मारतात. आई तेवढ्यात चहा कधी मिळेल विचारून आली. आठवड्याने टाके काढले. काही दिवस झोपेत डोळा नीट मिटत नव्हता, रात्री मलम घालायचो, नाहीतर बुबुळ कोरडं पडतं.

आम्हाला कुणी न सांगितलेली गोष्ट म्हणजे एक पापणी वर गेल्यावर दुसरी खाली आली! मेंदू दोन्हींना सारखाच जोर पाठवतो, पडलेलीसाठी जादा जोर लागत होता म्हणून चांगली उगाच ताणलेली होती. आधीच पडलेली बोटाने उचलून दुसरीचं काय होतं ते डॉक्टरांना बघायला सांगा. रक्त पातळ करायची गोळी मनाने बंद करू नका, ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारा.

चष्मेबहाद्दर
इन्शुरन्सवाले कॉस्मेटिक म्हणून क्लेम उडवतात, माझा उडवला होता. नजरेच्या घेराची टेस्ट दोनदा करून घ्या, एकदा पापणी आहे तशी आणि एकदा चिकटपट्टीने वर धरून, सोबत फोटो जोडा. आणि ऑक्युलोप्लास्टीवाला, म्हणजे पापण्यांची ऑपरेशनं करणारा डोळ्यांचा डॉक्टर गाठा, हे त्यांचं रोजचं काम.

केळफूल
थँक्यू सगळ्यांना. आईनेच जुना अल्बम काढला, माझ्या लग्नातल्या फोटोत दोन्ही पापण्या एकदम व्यवस्थित आहेत, ते फोटो घेऊन सोमवारी मिरजेला दाखवतोय. चहाचं बाबांना सांगितलं, ते म्हणे बिनसाखरेचा नको.