औंध आणि निजाम, दोन्ही राज्यं पाहिलेली आजी

औंधच्या शाळेतल्या सूर्यनमस्कारांची आठवण इथे कुणीतरी लिहिली आहे, ती वाचून लिहितो. आमच्या आजीचं माहेर आटपाडी, म्हणजे औंध संस्थान, आणि सासर लातूर, म्हणजे निजामाचा मुलूख. (लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं.)

तिच्या माहेरच्या आठवणी नमस्कारांपाशीच सुरू व्हायच्या. राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः कीर्तन करायचे, चित्रं काढायचे, याचं तिला फार अप्रूप. १९३९ मध्ये त्यांनी गावोगावच्या पंचायतींकडे कारभार सोपवला. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत झाली. कैदी शेतात राबतात आणि पळून जात नाहीत, हे सांगताना म्हातारपणीही तिचा चेहरा उजळायचा.

लग्नानंतर आटपाडीहून बैलगाडीनं पंढरपूर, तिथून बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी थेट लातूरपर्यंत. निजामाच्या हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका, तिथे गाठोडी सोडून दाखवायची. इकडे कचेरीचे कागद उर्दूत, पैसा हाली सिक्क्याचा, म्हणजे निजामाच्या स्वतःच्या चलनाचा. शंभर कलदाराला, म्हणजे इंग्रजी रुपयांना, साधारण ११६ हाली. माहेरहून आलेले कलदार ती मोडायचीच नाही.

औंध मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं, आम्ही लातूरकर त्याच वर्षी १७ सप्टेंबरला निजामाच्या राजवटीतून मोकळे झालो. इतक्या लहान संस्थानानं प्रजेवर एवढा विश्वास टाकला, याचं मला आजही मनापासून कौतुक वाटतं. आटपाडी भागातलं कुणी इथे असेल, तर स्वतंत्रपूरबद्दल घरात ऐकलेल्या आठवणी जरूर लिहा.