‘देऊळ’साठी नेमका शब्द कोणता : भोंदूगिरी की स्तोम?

गेल्या रविवारी घरी सगळ्यांनी मिळून ‘देऊळ’ पुन्हा पाहिला. उमेश कुलकर्णींचं दिग्दर्शन, गिरीश कुलकर्णींचं लेखन, २०११चा सिनेमा. जेवायला बसलो आणि वाद सुरू झाला. आत्याचं म्हणणं, “देवाची टिंगल केलीये, मला नाही आवडलं.” भाऊ म्हणाला, “देवाची कुठं, भोंदूगिरीची केलीये.” बाबा म्हणाले, “सगळी अंधश्रद्धा.” तिघंही मनापासून बोलत होते, पण तिघांनी निवडलेले शब्द मला त्या सिनेमाला बसेनात. याच सिनेमासाठी गिरीश कुलकर्णींना अभिनयाबरोबर संवादांचाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. त्याच्यावर बोलताना तरी शब्द नेमके हवेत, म्हणून हा खटाटोप.

आधी भोंदू. भोंदणे म्हणजे फसवणे, आणि भोंदू म्हणजे सोंग घेऊन फसवणारा. तुकोबांनी तो ठसवूनच ठेवलाय : “ऐसे कैसे झाले भोंदू । कर्म करोनि म्हणती साधू”. पुढच्याच ओळीत अंगाला राख लावून, डोळे झाकून पाप करणारा माणूस उभा राहतो. म्हणजे भोंदू म्हटलं की सोंग आलं आणि ते सोंग आहे हे त्याला स्वतःला पक्कं ठाऊक असणं आलं. गंमत म्हणजे हिंदीत हाच शब्द बावळट, सहज फसणारा या अर्थाने चालतो. आपल्याकडे फसवणारा भोंदू, त्यांच्याकडे फसणारा. हिंदी पुस्तक वाचताना मी या शब्दाला एकदा चांगलीच अडखळले होते.

आता सिनेमात असा भोंदू शोधून बघा. सिनेमातल्या मंगरूळ गावचा केशा गाय शोधत माळावर जातो, उंबराखाली झोपतो आणि त्याला दत्त दिसतात. त्याने सोंग घेतलेलं नाही. त्याला खरंच दिसलं आणि ओरडत गावात येऊन त्याने ते सांगितलं. देऊळ उभं करणारे पुढारी, दुकानं थाटणारे गावकरी यांतलाही कुणी राख फासून बसलेला नाही. प्रत्येक जण आपापला रास्त वाटणारा फायदा बघतो, आणि गावातल्याच अण्णांचा तिथे हॉस्पिटल करायचा बेत मागे पडतो. इथे बुवाच नाही, तर बुवाबाजी कुठून आणायची? (जाता जाता : ‘बुवा’ या शब्दाचे आपण फार हाल केलेत. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, रामकृष्णबुवा वझे ही गाण्यातली आदराने घ्यायची नावं. कोकणात भजनीबुवा अजून मानाने मिरवतात. त्या शब्दाला ‘बाजी’ चिकटली आणि सरसकट सगळे बुवा संशयात आले.)

‘अंधश्रद्धा’ हा शब्द मी जपून वापरते, कारण तो नेहमी दुसऱ्याच्या श्रद्धेला लावला जातो. स्वतःच्या श्रद्धेला कुणी तसं म्हणत नाही. २०१३च्या महाराष्ट्रातल्या कायद्याला बोलताना सगळे ‘अंधश्रद्धाविरोधी कायदा’ म्हणतात, पण त्याच्या लांबलचक नावात तो शब्द नाही. नरबळी, अमानुष, अनिष्ट, अघोरी, जादूटोणा असे शब्द आहेत. ते कृत्यांचे शब्द आहेत, मनातल्या भावाचे नाहीत, आणि मला हे फार योग्य वाटतं. केशाला उंबराखाली दत्त दिसले, यात कुणाचं काय बिघडलं?

केशासाठी माझा शब्द ‘भोळा’. ‘भाबडा’ नाही. आपण ‘भोळाभाबडा’ अशी जोडी करतो, म्हणून दोन्ही एकच वाटतात. पण शंकर भोळा असतो, त्याला भाबडा कुणी म्हणत नाही. भोळ्याच्या मनात कपट नसतं, तर भाबड्याला समोरच्याचं कपट दिसत नाही. ‘भाबडा आशावाद’ म्हणताना आपण नेमकं हेच सांगत असतो. केशाला पुढे सगळं दिसतं, कळतं आणि शेवटी तो मूर्तीच उचलून नेतो. भाबड्याच्या हातून हे झालं नसतं.

मग जे घडतं त्याला काय म्हणायचं? ‘थोतांड’ नको, त्यात मुळातच खोटं असावं लागतं. ‘अवडंबर’ जवळ जातो, पण त्यात दिखाव्यावर भर आहे. माझं मत ‘स्तोम’ला. संस्कृतात स्तोम म्हणजे स्तुती, वेदातलं स्तोत्र. त्याचा दुसरा अर्थ रास, समूह. मराठीत आला तो ‘माजवणे’ हे क्रियापद जोडूनच : एखाद्या गोष्टीचं स्तोम माजवणं. स्तुतीपासून निघायचं आणि राशीपर्यंत पोचायचं, हा या शब्दाचा प्रवास मंगरूळच्या देवळाचाही आहे. शिवाय ‘स्तोम’मध्ये मुळाशी काही खरं असायला जागा राहते. आत्याला मी हेच सांगितलं, की दत्ताला कुणी हात लावलेला नाही, त्याच्याभोवती जे माजलं त्यावर सिनेमा बोट ठेवतो. आत्या लगेच कबूल झाली नाही, पण “स्तोम म्हण, ते चालेल” म्हणाली.

याच वादात आणखी एक शब्द हाताला लागला आणि तो मला अजून सोडत नाही. देव ‘पावतो’, आणि देणगीची ‘पावती’ फाडतात. दोन्ही एकाच पावणे-तून आले. मूळ संस्कृत प्राप्, म्हणजे मिळणे, पोचणे. जुन्या पत्रांत “आपले पत्र पावले, मजकूर कळला” असायचं. पत्र पावल्याची खूण ती पावती. ‘लोप पावला’, ‘मृत्यू पावला’ हे त्यातलेच. कोंकणीत आजही “हांव घरा पावलों” म्हणजे मी घरी पोचलो. म्हणजे देव पावला याचा साधा अर्थ, देव माझ्यापर्यंत पोचला.

आमच्या आजीच्या देवघरात पितळी करंड्याखाली एक पावती होती. अकरा रुपयांची, गावच्या जत्रेतली. कार्बनची निळी अक्षरं पुसट झालेली, कडेला कुंकवाचं बोट लागलेलं. माझ्या वडिलांचा टायफॉइड उतरला तेव्हा नवस फेडून आणलेली. आजीला विचारलं की म्हणायची, “पावला ना तो, त्याची आहे ती.” तिच्यासाठी दोन शब्द अजून सुटे झालेले नव्हते. त्या गावात आता पावतीसाठी वेगळी खिडकी आहे, वेगळी रांग आहे आणि रकमेप्रमाणे दर्शनाची वेळ ठरते. मागच्या वर्षी आत्याला तिथे पावती नव्हती म्हणून दुसऱ्या रांगेत पाठवलं. दीड तास उभी होती, गुडघे धरून. तेव्हा ती रडली होती आणि मला त्याचा अजून राग येतो.

मला विचारायचंय ते असं. ‘पावणे’चा पोचणे हा अर्थ कोकण-गोव्याबाहेर, देशावर किंवा वऱ्हाडात रोजच्या बोलण्यात अजून आहे का? आणि एखादं लहान ठाण अचानक वाढून गर्दीचं झालं, तर तुमच्याकडे त्याला काय म्हणतात? आमच्याकडे साताऱ्याच्या बाजूला “तिथलं लई प्रस्थ वाढलंय” म्हणतात. त्यात कौतुकही असतं आणि तक्रारही.