येवल्याच्या पैठण्या ऑनलाइन विकायच्यात, सर्व्हर ऑफिसात ठेवू की क्लाउडवर?

येवलेकरीण
नमस्कार मंडळी, मी आणि मावसभाऊ मिळून येवल्याच्या हातमागाच्या पैठण्या स्वतःच्या साइटवरून विकायला सुरू करतोय, नाशिकला गंगापूर रोडवर दीड खोलीचं ऑफिस आहे, दसऱ्याआधी चालू करायचंय म्हणजे हातात साडेतीन आठवडे. साइट ओळखीच्या एका मुलाने बनवलीये, लारावेल (पीएचपी भाषेतला तयार सांगाडा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस). आता एक हार्डवेअरवाले म्हणतात सर्व्हर आणि यूपीएस मिळून १ लाख ८० हजार, एकदाच खर्च, ऑफिसातच ठेवा, महिन्याचं भाडं नको. बाबांना तेच पटतंय कारण वस्तू डोळ्यासमोर दिसते. भाऊ म्हणतो क्लाउड, म्हणजे मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरमधला सर्व्हर भाड्याने. मला एवढंच कळतं की ऐन दसऱ्यात साइट बसली तर विणकरांना दिलेला ॲडव्हान्स अडकणार. कोणी केलंय का असं काही?

सातपूरकर
ताई ते १ लाख ८० हजार आधी राहू द्या बँकेत. आमचा सर्व्हर दोन वर्षं अंबडच्या ऑफिसातच होता. लाइट गेली तर इन्व्हर्टर होता, त्याचं काही नाही, पण एकदा गटारीच्या कामात जेसीबीने फायबर तोडली आणि दीड दिवस नेट गायब. सर्व्हर आपला मस्त चालू, पंखा गरगरतोय, हिरवे दिवे लागलेत, आणि बाहेर कोणाला साइट दिसत नाही. हॉटस्पॉट लावून बघितला पण आयपी (सर्व्हरचा नेटवरचा पत्ता) बदलला की सगळंच बोंबललं. वर शनिवार. फोन करून करून कान दुखले. बाबांना सांगा, दिसणारी वस्तू कपाटातली साडी ठीक आहे, सर्व्हर दिसला नाही तरी चालतो.

जुना_सिसॲडमिन
सातपूरकरांशी सहमत. एडब्ल्यूएसचं (ॲमेझॉनचं क्लाउड) मुंबई रीजन, म्हणजे तिथली डेटा सेंटर, २०१६ पासून आहे, बाकीच्या मोठ्या कंपन्यांचीही भारतात डेटा सेंटर आहेत, तिथे घ्या. एक मध्यम मशीन ॲपसाठी, आणि डेटाबेस मात्र त्यांचाच मॅनेज्ड, म्हणजे तेच सांभाळतात असा घ्या, एडब्ल्यूएसचा आरडीएस वगैरे, चार पैसे जास्त जातील पण रोजचा बॅकअप आणि पॅचिंग (दुरुस्तीचे अपडेट) त्यांच्या डोक्यावर. बॅकअप ३५ दिवसांपर्यंत ठेवता येतो आणि त्यातल्या हव्या त्या वेळेला परत जाता येतं. कोणी कुबरनेटिस (ढीगभर सर्व्हरवर ॲप चालवायचं सॉफ्टवेअर) सुचवलं तर चहा पाजून परत पाठवा, तुमच्या दिवसाच्या चाळीस ऑर्डरींना त्याची गरज नाही.

तुमच्या त्या मुलाला सांगा मशीनवर लॉगिन करून हाताने काही बसवायचं नाही. पीएचपी, एनजिनएक्स (वेब सर्व्हर), सेटिंगा, सगळं अँसिबलच्या (मशीन आपोआप तयार करणारं टूल) फाइलीत लिहून गिटमध्ये (फाइलींच्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) टाकायचं. पहिल्यांदा दोन दिवस जास्त जातात, पण मशीन मेली तर नवीन घेऊन फाइल चालवली की अर्ध्या तासात उभी. नाहीतर तो मुलगा गावाला लग्नाला गेलेला असतो आणि सर्व्हरवर काय काय केलंय ते फक्त त्याच्या डोक्यात.

आणि बॅकअप "चालू आहे" यावर विश्वास ठेवू नका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये (लोकांचा कोड ठेवणारी कंपनी) एका इंजिनियरकडून चुकून चालू डेटाबेसचंच फोल्डर डिलीट झालं. बॅकअप घ्यायच्या पद्धती पाच का काय होत्या. रोजचा डंप (डेटाबेसची पूर्ण कॉपी) बघायला गेले तर एस३ (एडब्ल्यूएसची फाइली ठेवायची सोय) ची बकेट रिकामी, कारण डंप घेणारं टूल जुन्या व्हर्जनचं, ते रोज फेल होत होतं आणि फेल झाल्याचे मेल कोणापर्यंत पोचतच नव्हते. योगायोगाने सहा तास आधी एकाने स्नॅपशॉट (त्या क्षणाची कॉपी) घेतलेला होता म्हणून वाचले. हे त्यांनी स्वतःच सगळं उघड लिहिलंय. तेव्हा लाँचच्या आधी एकदा कोऱ्या डेटाबेसवर बॅकअप रिस्टोअर करून, म्हणजे परत भरून बघाच.

अजून एक, ९९.९ टक्के अपटाइम ऐकायला भारी वाटतं पण महिन्याला ४३ मिनिटं बंद राहिलं तरी ते ९९.९ च असतं. ती ४३ मिनिटं घटस्थापनेच्या सकाळी आली तर? म्हणून बाहेरून साइट तपासणारी एखादी सर्व्हिस लावा, फोनवर अलर्ट येईल असा, गिऱ्हाइकाच्या आधी तुम्हाला कळायला पाहिजे.

मागावरचा
माझा मुद्दा वेगळा आहे, कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. हातमागाची पैठणी म्हणजे एक नग. ती गेली की गेली, तशीच दुसरी महिन्या-दोन महिन्यांनी. आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात एकच बांगडी-मोर पैठणी दोघींनी घेतली, एक पुण्याची एक ठाण्याची, दोघींचे पैसे कटले, आणि पुण्याच्या काकूंना समजावताना माझी जी काही वाट लागली ती लागली. सर्व्हर एकदम टकाटक होता हां. तर चेकआउट दाबताच साडी १० मिनिटं होल्डवर गेली पाहिजे, आणि होल्ड करताना "अजून उपलब्ध असेल तरच" ही अट त्याच अपडेट क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या एकाच हुकुमात) पाहिजे, आधी बघायचं मग लिहायचं असं दोन पायऱ्यांत केलं की मधल्या फटीत दुसरी बाई शिरते. पेमेंट गेटवेचा वेबहूक (पैसे आल्याचा साइटला येणारा निरोप) पण कधीकधी दोनदा येतो, पेमेंट आयडी युनिक ठेवा म्हणजे दुसऱ्यांदा आला तर सोडून देता येईल.

सातपूरकर
भाऊ हे भारी सांगितलं. ताई अजून एक, डोमेन कोणाच्या नावावर आहे बघून घ्या.

येवलेकरीण
सगळ्यांचे खूप आभार. डोमेन त्या मुलाच्या ईमेलवर निघालं 🙈 काल बदलून घेतलं. बाबा अजून थोडे नाराज आहेत. सिसॲडमिन दादा, तुम्ही म्हणालात तसा काल रात्री रिस्टोअर करून बघितला, २५ मिनिटं लागली, ऑर्डरी आल्या, साड्यांची यादी आली, किमती आल्या, पण एकाही साडीचा फोटो दिसत नाही. आम्ही येवल्यात दोन दिवस बसून पदर, काठ, मागची बाजू असे चारशे फोटो काढलेत.

जुना_सिसॲडमिन
फोटो ॲपच्या मशीनवरच्या फोल्डरमध्ये असणार, डेटाबेसच्या बॅकअपमध्ये ते येत नाहीत. आजच एस३ मध्ये हलवा, व्हर्जनिंग (फाइल बदलली-पुसली तरी जुनी राहते) चालू करा, आणि एक कॉपी घरच्या हार्ड डिस्कवर. ती बाबांना सांभाळायला द्या.