सॅनिटायझर आणि औषधांना न जुमानणारे जीवाणू: भरवसा किती ठेवायचा?

गिरगावकर:
वडील सध्या मुंबईतल्या एका रुग्णालयात आहेत. वॉर्डाच्या दाराशी सॅनिटायझरची बाटली आहे; जो येतो तो दोन थेंब चोळतो आणि थेट पेशंटला हात लावतो. २०१८ साली मेलबर्नच्या दोन रुग्णालयांतल्या एन्टेरोकॉकस फेसियम या जीवाणूवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९९७ ते २०१५ मध्ये साठवलेले नमुने तपासले, तर २०१० नंतरचे नमुने अल्कोहोलपुढे जुन्यांपेक्षा सुमारे दहापट चिवट निघाले. माझं मत स्पष्ट आहे: वॉर्डात साबण-पाणीच हवं.

परळची सिस्टर:
दादा, त्या तपासणीत २३ टक्के आयसोप्रोपेनॉल, म्हणजे सॅनिटायझरमध्ये असतं तसलंच एक अल्कोहोल, वापरलं होतं. फरक दिसावा म्हणून मुद्दाम पातळ. हाताच्या सॅनिटायझरमध्ये ६० ते ८० टक्के अल्कोहोल असतं. अँटिबायोटिक जीवाणूच्या एखाद्या नेमक्या भागावर काम करतं; तो भाग बदलला किंवा औषध तोडणारं एन्झाइम तयार झालं की औषध फुकट. अल्कोहोल मात्र पेशीचं आवरण आणि प्रथिनं दोन्ही मोडतं. म्हणून एमआरएसए (मेथिसिलिन गटाच्या औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस जीवाणू) असो की एनडीएम-१ (अँटिबायोटिक तोडणारं एन्झाइम) वाली क्लेब्सिएला जीवाणू, औषधांना दाद देत नसली तरी ती अल्कोहोलने मरते. भरलेल्या वॉर्डात प्रत्येक खाटेनंतर बेसिन गाठून ४०-६० सेकंद हात धुणं शक्य नाही. खाटेपाशी २०-३० सेकंद चोळणं शक्य आहे, आणि त्यानेच संसर्ग रोखला जातो.

गिरगावकर:
२३ टक्क्यांचं मान्य. पण त्याच अभ्यासात उंदरांचे पिंजरे ७० टक्के आयसोप्रोपेनॉलने पुसले होते. तरी चिवट जीवाणू टिकले आणि उंदरांच्या आतड्यात जाऊन बसले. त्याचं काय?

परळची सिस्टर:
ते पिंजऱ्याच्या तळावर होतं, हातावर नाही. खाटेचे कठडे, लॉकर फक्त अल्कोहोलने पुसून भागणार नाही, इतकाच अर्थ मी त्यातून काढते. तिथे क्लोरीनवालं द्रावण हवंच.

दादर_लॅब:
दोघांचंही एक राहून जातंय. क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जीवाणूचे बीजाणू (जाड कवचातलं त्याचं सुप्त रूप) अल्कोहोलने मरत नाहीत, कितीही चोळा. उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवरही अल्कोहोलचा भरवसा नाही. जुलाब होणाऱ्या पेशंटकडे जाऊन आलात की साबण-पाणीच. हात मळलेले दिसत असतील तरीही तेच, कारण मळाखाली अल्कोहोल नीट पोचत नाही. आणि दोन थेंब म्हणजे काहीच नाही! एका तळहाताचा खळगा भरेल इतकं घ्या. अंगठा आणि बोटांची टोकं हमखास कोरडी राहतात.

गिरगावकर:
हे वॉर्डाबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकाला कोण सांगतं? कुणाला जुलाब आहेत हे त्याला कळणार तरी कसं? साबणाने बीजाणूसुद्धा धुऊन निघतात, म्हणून नातेवाइकांसाठी तरी बेसिनच पहिलं हवं. मी तसा अर्ज देणार आहे.

परळची सिस्टर:
जरूर द्या. बेसिन, साबण आणि हात पुसायला कागद, तिन्ही मागा. ओल्या हातांवरून जंतू लवकर पसरतात. पण "सॅनिटायझर निकामी" असं त्यात लिहू नका. तेवढं वाक्य वाचून कुणी खाटेजवळची बाटली हलवली, तर तुमच्याच वडिलांना धोका वाढेल.